डावीकडे लागतंय

४ नोव्हेंबर, सोमवार

टायर आले. चार आणि एक जादा. बत्तीस इंची, जाड खाचांचे, नव्या रबराच्या वासाचे. टायरवाल्याने हातगाडीवरून दुकानाच्या दारापर्यंत आणून दिले आणि दात काढून म्हणाला, "मिलिमीटरसाहेब, टायर मोठे घेतलेत, पण चाकाचं घर होतं तेवढंच आहे. घासणार. माझ्याकडे सोडा गाडी, एका दुपारात बसवून देतो."

मी म्हटलं, "तुझ्या एका दुपारातल्या गाड्या मी रस्त्यावर ऐकतो. वळताना कण्हतात."

मिलिमीटर हे नाव त्यानेच पाडलंय. माझी हरकत नाही. मी वजनकाटे दुरुस्त करतो. कुणाच्या हाताखाली शिकलो नाही, उघडून, बिघडवून, पुन्हा जोडून शिकलो. गाडीही तशीच शिकलो. या गाडीचा एकही नट असा नाही, जो माझ्या पान्याला ओळखत नाही.

टायर कशासाठी, तेही लिहून ठेवतो. सासूबाई डोंगरावर एकट्या राहतात. तिथे ना फोन लागतो, ना धड रस्ता आहे. गाडीवाट आहे, आणि मध्ये ओढ्याच्या वळणावर एक आडवा कातळ. मागच्या खेपेला गाडीचं पोट त्या कातळावर टेकलं. खालचा पत्रा चेपला, अर्ध्यातून परत फिरावं लागलं. आमची ही वाटभर मांडीवर पिशवी धरून बसली होती.

तेव्हापासून एकच घोकतेय, "मला एकदा आईकडे जायचंय."

"एकदा काय, दहादा जाऊ. गाडी तयार होऊ दे."

"किती दिवस लागतील?"

"लागतील तेवढे लागतील."

६ नोव्हेंबर, बुधवार

पुढचं डावं चाक चढवून पाहिलं. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर तीन ठिकाणी भिडतो. पुढे बंपरचा कोपरा, मागे चाकाच्या घरातलं प्लास्टिकचं अस्तर, आणि त्याच्या आत पत्र्याची उभी शिवण. अपेक्षित होतं.

टायरवाल्याला आणि त्याच्या जातीच्या लोकांना एक फरक कळत नाही. लागणं वेगळं आणि घासणं वेगळं. आधी लागतं, मग घासतं. लागतं तेव्हा आवाजही नसतो, फक्त टेकल्यासारखं होतं. घासायला लागलं म्हणजे जखम झालेली असते. तो घासल्यावर जागा होतो. मी लागतंय तिथेच पकडतो.

हे मी जेवताना हिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "तुम्हाला बरं सगळं आधी कळतं." आणि ताट उचलून गेली. ताट अर्धं तसंच होतं.

९ नोव्हेंबर, शनिवार

मेहुणा आला होता. लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, उद्या संध्याकाळी निघाला की महिनाभर तरी फिरकणार नाही. गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "भाऊजी, शेत नांगरायला घेतलंय का हे?"

"तुझ्या जीपला नाही कळायचं ते."

"माझी जीप बारीक टायरांवर जाते की वर. ताई, चल, उद्या सकाळी सोडतो तुला आईकडे. परतीचं भाऊजी बघतील, त्यांचं विमान तयार झालं की."

ही आतून पिशवी घेऊनच बाहेर आली. भरून ठेवलेली होती, कधी भरली कोण जाणे. मला ते आवडलं नाही. त्या जीपला मागच्या बाजूला धड सीट नाही, ब्रेक दोनदा दाबावा लागतो. मी म्हटलं, "तिला जायचं तर माझ्या गाडीतून जाईल. नीट बसून."

मेहुणा म्हणाला, "भाऊजी, ताईची तब्येत उतरल्यासारखी वाटते हो."

"वय झालं, उतरणारच. तुझं पोट तेवढं चढतंय."

तो हसला. ही हसली नाही. पिशवी आत घेऊन गेली. तिला म्हटलं, "दोन-तीन आठवडे थांब." ती म्हणाली, "थांबते."

१० नोव्हेंबर, रविवार

आज मजा झाली. चाक पूर्ण वर दाबलं गेलं तर वरच्या पत्र्यापासून किती जागा उरते, ते मोजायचं होतं. तिथे पट्टी जात नाही, हात घातला तर हात परत मिळायचा नाही. ओट्यावर हिने कणीक मळून ठेवली होती. तिचे लिंबाएवढे गोळे करून चाकाच्या घरात वर चिकटवले आणि ते चाक फळ्यांच्या उतरंडीवर चढवलं. खाली उतरवून गोळे काढले. कुठे बोटभर जाड राहिले, कुठे कागद झाला. कागद झाला तिथे लागणार. याहून साधं आणि अचूक माप जगात नाही, आणि हे मला कुणी शिकवलेलं नाही.

ही दारात उभी राहून बघत होती. "गाडीला जेवू घालताय का? घाला. तिला तरी भूक आहे."

खूप दिवसांनी चेष्टा केली तिने. दाराच्या चौकटीला एका बाजूने टेकून उभी होती.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

स्प्रिंगा बदलल्या. नव्या दोन इंच उंच आहेत. टायरने दीड इंच दिले, स्प्रिंगांनी दोन. गाडी साडेतीन इंच वर गेली. शेजारच्या गाड्यांमध्ये आता ती मान वर करून उभी असल्यासारखी दिसते. दुपारी दोन-तीन जण थांबून बघून गेले. बोलायची गरज नव्हती.

एक दोष राहतो. टायर मोठा झाला की वेगाचा काटा खोटं बोलतो. काटा साठ दाखवेल तेव्हा गाडी सहासष्टला असेल. म्हणजे आपल्याला वाटतं त्याहून आपण पुढे गेलेलो असतो. काट्यांच्या माणसाच्या गाडीत खोटा काटा, हे मला सलतं. नंतर बघू.

स्वयंपाकघरात हिने वरच्या फळीवरचे सगळे डबे खाली ओट्यावर आणून ठेवलेत. ओट्याला जागा उरली नाही. "वर काय वाईट होते?" विचारलं. "हाताला येत नाहीत," म्हणाली. वीस वर्षं येत होते. संध्याकाळी मी फळी चार इंच खाली घेऊन नीट पाण्याची पातळी लावून ठोकून दिली. तिने डबे वर ठेवले नाहीत.

१७ नोव्हेंबर, रविवार

दोन्ही बाजूंची पायदानं काढून टाकली. कातळावर पहिलं तेच टेकलं असतं. पोट साडेतीन इंच वर नेऊन पायदान खाली लोंबत ठेवण्यात अर्थ नाही. आठ बोल्ट, त्यातले दोन गंजलेले. तेल सोडून, वाट बघून, एकही न तोडता काढले.

ही म्हणाली, "मग मी चढू कशी?"

"अगं, वर हँडल आहे. धरायचं आणि एक उडी."

"उडी," ती म्हणाली. एवढंच.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

बंपरचा कोपरा कापला, कानस मारून कडा गुळगुळीत केली. अस्तर गरम हवेने मऊ करून मागे दाबलं. शिवण हातोडीने आडवी पाडली, वर रंग दिला, नाहीतर गंज धरेल. उजवी बाजू मोकळी झाली. डावीही डोळ्यांना मोकळी दिसत होती, पण डोळ्यांवर मी विसंबत नाही. लागणं आधी स्टिअरिंगवर हाताला कळतं, बसलेल्याला अंगात कळतं. म्हणून हिला स्टिअरिंगसमोरच्या सीटवर बसवलं आणि मी बॅटरी घेऊन चाकापाशी उकिडवा बसलो. चढायला तिने बराच वेळ घेतला. सीटवर माझ्या खुर्चीतली उशी होती. सकाळपासून ती उशी मी घरभर शोधत होतो.

"डावीकडे पूर्ण वळव. हां. लागतंय का?"

तिने स्टिअरिंग शेवटापर्यंत नेलं. मग म्हणाली, "लागतंय."

"कुठे?"

"डावीकडे. खाली."

मला काही दिसेना. टायर आणि अस्तर यांच्यात करंगळी जात होती. "आता सरळ कर. आता?"

"आता कमी. वळलं की जास्त."

"आणि बसली की?"

"बसलं की लागतंच."

बघा. माझ्याबरोबर राहून ही पण शिकली. चाक वळल्यावर लागणं आणि गाडी दबून बसल्यावर लागणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे टायरवाल्यालाही पटकन उमगत नाही. डावीकडच्या अस्तराचा तळहाताएवढा तुकडा कापून काढला. पुन्हा विचारलं.

"अजून लागतंय?"

"हो."

आणखी कापला. तेवढ्यात ती म्हणाली, "असू दे हो. उतरते मी." उतरताना दोन्ही हातांनी दार धरलं होतं. दाराच्या बिजागरीवर तेवढा भार टाकू नये, हे तिला सांगायचं राहिलं.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

डाव्या चाकाला खडू फासून गल्लीत गाडीने आठचे आकडे काढले. खडू जसाच्या तसा. कुठेच पुसला गेला नाही. मग काल तिला जाणवलं ते काय? सांध्याचं रबर? तेही खोलून पाहिलं. ठणठणीत. मला सापडत नाही असा आवाज या गाडीत आजवर नव्हता. मन लागत नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

मुलीचा फोन. आधी आईशी बराच वेळ बोलली, दार लोटून. मग मला म्हणाली, "बाबा, आईला डॉक्टरकडे न्या."

"कशाला? परवा तर माझ्याबरोबर गाडीचं काम करत होती."

"बाबा, ती जिना एकेक पायरी उतरते. तुम्ही बघितलंय का?"

"जिन्याची पायरी सव्वासात इंच आहे. मुळातच जास्त आहे. मी घरमालकाला तेव्हाच सांगितलं होतं."

ती म्हणाली, "बाबा, गाडी कधी होणार तुमची?"

"झालीच. गुरुवारी निघतो. आधी तिला आजीकडे नेतो, मग डॉक्टर. तिचीच इच्छा आहे."

"तिची इच्छा आहे म्हणूनच म्हणतेय," मुलगी म्हणाली. तिचं बोलणं हल्ली असं तुटक असतं. शिकलेली आहे.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

आज निघायचं होतं.

गाडी धुऊन, हवा मोजून, दारात लावली. ही ठेवणीतली साडी नेसून आली. पिशवी मी मागे ठेवली. तिने वरचं हँडल धरलं, डावा पाय उचलला आणि तो मध्येच राहिला. मी म्हटलं, "उजवा आधी." उजवा उचलला तर सगळा भार डाव्यावर आला आणि तिने डोळे मिटले. मी आतून स्टूल आणलं. स्टुलावर चढली. एक हात हँडलवर, एक माझ्या खांद्यावर. आता फक्त वळून बसायचं होतं.

"लागतंय," ती म्हणाली.

मी चाकाकडे पाहिलं.

गाडी बंद होती. किल्ली माझ्या खिशात होती.

मग तिला स्टुलावरून उतरवून घेतलं. किती हलकी झाली आहे. काट्यावर न ठेवताही मला वजन कळतं, तो माझा धंदा आहे. दवाखान्यात जायला रिक्षा बोलावली. रिक्षा बुटकी असते, तिला पटकन बसता आलं.

३० नोव्हेंबर, शनिवार

डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडावर लावून दाखवली. डाव्या खुब्याचं हाड, आणि त्यात जिथे पांढरं हवं तिथे पोकळ. त्यांनी बोट फिरवलं ते अंतर मी नजरेने मोजलं. चाळीस मिलिमीटर. मूळ दुसरीकडे आहे, म्हणाल्या, हाडात नंतर उतरलंय.

"कधीपासून दुखतंय?" त्यांनी विचारलं.

"उन्हाळ्यापासून," ही म्हणाली.

मी म्हटलं, "मला बोलली नाहीस."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. "सांगत होते," म्हणाली.

डॉक्टरीणबाई फिल्म पाकिटात घालत होत्या. पाकिटाची कड दुमडली होती, ती त्यांनी बोटाने सरळ केली. पुढचं जे विचारायचं ते मुलीने फोनवर विचारून घेतलं.

३ डिसेंबर, मंगळवार

मुलगी आली. बाहेरच्या खोलीत खिडकीशी पलंग लावला. डबे पुन्हा वरच्या फळीवर गेले, आता मुलीचा हात पोचतो.

दुकान बंद आहे. टायरवाला दाराशी येऊन गेला. त्याला कुठून तरी कळलं असावं. गाडीकडे बघत राहिला, वाकून डाव्या चाकाच्या घरात डोकावला. मला वाटलं, आता काहीतरी टोमणा येईल. "काम झकास झालंय, साहेब," म्हणाला, "पण डावीकडचं अस्तर एवढं का कापलंत? इथे तर लागतच नव्हतं."

मी म्हटलं, "नव्हतं."

६ डिसेंबर, शुक्रवार

दुखू नये म्हणून औषधाच्या चिकटपट्ट्या लावतात दंडावर. त्याने ती बरीच झोपते. जागी असली की एकच विचारते, "आईला कळवलं का?"

फोन लागत नाही, मेहुणा हजार मैलांवर. मुलगी म्हणाली, "बाबा, उचलून बसवू आपण आईला गाडीत, दोघं मिळून." हिनेच नको म्हणून मान हलवली. म्हणाली, "मला नाही जमायचं आता वर. आईलाच आणा."

मग मला म्हणाली, "तुमची गाडी जाईल ना?"

"जाईल," मी म्हटलं.

८ डिसेंबर, रविवार

सकाळी निघालो. एकटाच. काटा खोटा आहे हे माहीत असून त्याच्याकडे बघत होतो.

डोंगराची वाट लागली तेव्हा काच खाली घेतली आणि कान बाहेर ठेवला. दगड चाकाखालून सरकत होते, चाकं वर-खाली जात होती, स्प्रिंगा दबत होत्या. आवाज नाही. ओढ्याच्या वळणावर तो कातळ आला. स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळवलं, पुढचं चाक कातळावर चढलं, मागचं खाली लोंबलं, गाडी एका अंगावर कलली आणि पार झाली. पोट टेकलं नाही. टायर टेकला नाही. या क्षणासाठी मी महिना घालवला होता. उतरून बघायची नेहमीची सवय, पण उतरलो नाही.

सासूबाई अंगणात लाकडं रचत होत्या. माझ्या मागे पाहिलं, मग दुसऱ्या दाराकडे. "जावईबापू, एकटेच?"

सांगितलं. सगळं नाही. आजारी आहे, तुम्हाला बोलावते आहे, एवढं. त्यांनी हातातलं लाकूड नीट रचून ठेवलं, चूल विझवली, लुगडी गाठोड्यात बांधली. गाडीशी आल्या आणि उभ्या राहिल्या. सीट त्यांच्या छातीपर्यंत येत होती.

"इथे कोण बसतं हो? उंट?"

पायदान नव्हतं. त्यांना मी लहान पोरीसारखं उचलून आत ठेवलं. त्यांनी लाजून पदर सारखा केला.

उतरताना कातळ पुन्हा आला. उतार असला की भार पुढच्या चाकांवर येतो, चढताना लागलं नाही तरी उतरताना लागू शकतं. मी श्वास धरून ऐकत होतो. स्टिअरिंग पूर्ण वळलेलं. सासूबाई समोर बघत होत्या. म्हणाल्या,

"फार लागतंय का हो?"

"नाही," मी म्हटलं. "अजिबात नाही. कुठेच लागत नाही."

त्यांनी डोळे मिटून हात जोडले. "चला," म्हणाल्या. "तेवढं तरी सुख दिलं देवाने माझ्या लेकीला."

गाडी ओढ्यात उतरली होती. मी काहीतरी बोलायला हवं होतं. पाण्यातून बाहेर काढली, वाट सरळ झाली, तरी बोललो नाही. त्यांचा चेहरा सैल झाला होता. पुढे त्यांना डुलकी लागली.

घरी पोचलो तेव्हा ही जागी होती. सासूबाई पलंगाच्या कडेवर बसल्या, तिच्या केसांतून बोटं फिरवायला लागल्या. "जावईबापूंनी सांगितलं मला, लागत नाही म्हणून. खरं ना गं?"

हिने त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"खरं," म्हणाली. "नाही लागत, आई."

नंतर सासूबाई हातपाय धुवायला गेल्या, तेव्हा मला जवळ बोलावलं. "कातळावर? लागली का गाडी?"

"नाही. दोन्ही वेळा नाही."

"जमलं म्हणजे तुम्हाला," ती म्हणाली, आणि तोंड खिडकीकडे केलं.

१५ डिसेंबर, रविवार

ती बहुतेक वेळ झोपलेलीच असते. सासूबाई उशाशी असतात. मी खोलीत जातो, उभा राहतो, काय करावं कळत नाही, बाहेर येतो.

आज पायदानं पुन्हा बसवायला काढली. सासूबाईंना परत वर न्यावं लागेल. कधी, ते त्यांनी विचारलेलं नाही, मीही बोललेलो नाही. पण त्या दिवशी त्यांना उचलून ठेवायचं माझ्याने होणार नाही. त्यांनी आपल्या पायाने चढावं.

आठही बोल्ट जुन्याच जागी बसले. पायदान चांगलं खाली येतं, म्हाताऱ्या पायाला पोचेल एवढं. कातळावर नक्की लागणार.

लागू दे.